मास्तर बंदूक चावून बघतात

आमच्या पारनेरच्या गल्लीत एक गृहस्थ बंदुका चावून बघत असत. बंदूक पाटलाची असो की निवृत्त फौजदाराची, ती आधी रिकामी आहे ना हे बघायचं, रुमालानं लाकडी दस्ता स्वच्छ पुसायचा, त्याची कड समोरच्या दातांत धरायची, डोळे मिटायचे आणि चाप ओढायचा. खट्ट झालं की पाच-दहा क्षण तसेच बसायचे. मग दस्ता दातांतून काढून निकाल द्यायचे, "स्प्रिंग दमलीय. माणूस बरा आहे, पण दमलाय." पहिल्यांदाच आलेला माणूस बिचकायचा. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भाऊसाहेब, हे दुरुस्त करत्यात का खात्यात?"

या गृहस्थांचं नाव शांतवनमास्तर. बंदूक दुरुस्त करणाऱ्याला असं नाव असावं यावर गावानं जेवढे विनोद करायचे तेवढे केले आणि मग नाद सोडला. मी तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून होतो. बंदुकांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं आणि मास्तरांचं घर माझ्या घराला लागून. त्यामुळे गावाला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं मला माहीत असणार, अशी सगळ्यांची समजूत होती. मला काहीही माहीत नव्हतं. पण कारकुनानं तसं कबूल करायचं नसतं.

मास्तर मूळचे बंदूकवाले नव्हेत. नगरच्या एका मिशनच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं संगीत शिकवलं होतं. पेटी वाजवण्यात आणि बिघडलेली पेटी जुळवण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता म्हणे. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी एक दिवस शाळा सोडली आणि भिंगारला पलटणीतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे कानस घासायला जाऊन बसले. दोन वर्षं घासली. मग रीतसर परवाना काढून आमच्या गावात दुकान मांडलं.

"शाळा का सोडली?" असं विचारलं की दर वेळी निराळं उत्तर मिळायचं. मला म्हणाले, "चाळीस पोरं एकदम बेसूर गातात हो. बंदूक एका वेळी एकच बोलते." पोस्टमास्तरांना म्हणाले, "पेटीत स्प्रिंगा, बंदुकीत स्प्रिंगा. फरक कसला?" त्यांच्या चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब नगरहून मुद्दाम समजूत घालायला आले होते. प्रार्थना शिकवलेल्या हातांनी हे काय चालवलंय, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आपल्याकडची बंदूक पिकाच्या राखणीची. ती फक्त डुकरावर चालते. रानडुकरांना मंडळीत घ्यायचा विचार असला तर सांगा, उद्या दुकान बंद करतो." पाळकसाहेब दुसरा कप न घेता गेले.

दुकानात शिरताच समोर शाळेतला जुना फळा दिसायचा. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं: "मालकाने बोलू नये. तक्रार लिहून द्यावी." शिवाय दोन्ही कानांत कापसाचे हे एवढाले बोळे. बंदुकीच्या आवाजाचं त्यांना भारी वावडं आहे, असं गाव समजायचं. मास्तरांनी स्वतः कधी बार उडवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दुरुस्त झालेली बंदूक मालकानं आपल्या रानात नेऊन उडवायची आणि नीट उडाली तर दुसऱ्या दिवशी येऊन नुसती मान हलवायची, असा शिरस्ता होता. कुणी न राहवून तोंड उघडलंच तर मास्तर हात वर करायचे. "तुम्ही थांबा. बंदूक काय म्हणते ते ऐकू द्या." हे वाक्य दिवसातून वीसदा तरी व्हायचं.

आता तक्रार लिहून द्यायची म्हणजे लिहिता यायला हवं. निम्म्या शेतकऱ्यांची तिथंच अडचण. ते माझ्या ओट्यावर येत आणि मी चिठ्ठी लिहून देत असे. शेतकरी बंदुकीची गोष्ट सांगतो म्हणजे बंदुकीपासून सुरुवात करत नाही. थोरल्या चुलत्यापासून करतो. मग बांध येतो, बांधावरची बोर येते, सोयरीक येते, आणि सूर्य कलायला लागल्यावर बंदूक येते. मी या सगळ्याची एक ओळ करायचो. "चाप घट्ट." "घोडा उठत नाही." कचेरीत पंधरा वर्षं हेच केलं होतं, त्यामुळे या कलेचा मला अभिमान होता.

मास्तरांचा खरा हंगाम म्हणजे दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस. खंडेनवमीला घरोघर हत्यारं पूजायची आपली रीत. विळा, कोयता, नांगर आणि ज्याच्याकडे असेल त्याची बंदूक. पण बंदुकीला बाहेरून कुंकू लावून आमच्या लोकांचं समाधान होत नाही. देव आत असतो. त्यामुळे नळीत चिमूट चिमूट हळदकुंकू जायचं, वरून नारळाचं पाणी, आणि एखादा भाविक असला तर अक्षता. आठवड्यात हे सगळं आत घट्ट बसायचं. मास्तर गजानं ते खरवडून काढायचे आणि मालकाला खडसावायचे. "पूजा करा, आरती करा, पाया पडा. पण पोटात कशाला घालता तिच्या? देवाला तुम्ही नैवेद्य दाखवता ना, की घशात कोंबता?" लोक हसायचे आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा नारळ फोडायचे.

दिवसभर असे तिरसट वागणारे मास्तर दिवेलागणीला मात्र निराळे असत. त्यांची बायको मार्थाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती कामावरून आली, हातपाय धुऊन झाले की मास्तर पेटी काढायचे आणि मार्थाबाई एक उपासनेचं गीत म्हणायची. काय गळा होता बाईचा. आमच्या घरातलं भांडणसुद्धा तेवढा वेळ तहकूब व्हायचं. वाजवताना मास्तरांची हनुवटी पेटीच्या फळीवर टेकलेली असे. कानातला कापूस तसाच. गाणं संपलं की ते मान वर करून म्हणायचे, "आज धैवत जरा उतरला." आणि ती म्हणायची, "उद्या बघते." रोज हेच. एवढ्या गोड गळ्याला रोज नावं ठेवणारा नवरा मला काही आवडायचा नाही. मी बायकोला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "तुम्ही निदान नावं ठेवण्यापुरतं तरी माझं ऐकत जा."

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. आमच्या शेजारच्या वाडीचा रखमाजी आपली नळीच्या तोंडातून दारू भरायची ठासणीची बंदूक घेऊन माझ्या ओट्यावर बसला. त्यानं चुलत्यापासून सुरुवात केली. मी दाढी करत होतो. अर्ध्या तासानं मी चिठ्ठीवर लिहिलं, "बुडाचा पेच गंजला आहे." रखमाजी चिठ्ठी आणि बंदूक घेऊन शेजारी गेला.

मास्तरांनी नळीत गज घातला. तो बुडापासून वीतभर अलीकडेच अडला. एरवी अशा वेळी ते हातातलं काम टाकून नळी साफ करत. पण त्या दिवशी आठ बंदुका रांगेत होत्या आणि सगळ्यांच्या पोटात कुंकू. हाही त्यातलाच प्रकार, असं ते धरून चालले. गंजलेला पेच सैल व्हावा म्हणून दाराकडे पाठ करून बसले आणि नळीचं बूड निखाऱ्याच्या शेगडीवर धरायला लागले.

रखमाजीची ओरड मी ओट्यावरून ऐकली. "मास्तर, भरल्याली हाय ती. बार ठासल्याला हाय त्यात. डुकरासाठी भरली हुती, उडवायची ऱ्हाऊन गेली." तो दारात उभा राहून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडत होता आणि मास्तर शांतपणे बंदूक शेगडीवर फिरवत होते. मी तोंडाला साबण तसाच ठेवून धावलो आणि त्यांच्या हातांतून बंदूक खेचून घेतली. बूड नुकतं कोमट झालं होतं.

मास्तरांनी रागानं माझ्याकडे पाहिलं. मग रखमाजीच्या चेहऱ्याकडे, मग बंदुकीकडे. त्यांना सगळं समजलं आणि त्यांनी पायानं शेगडी दूर सारली. रखमाजी मला म्हणत होता, "भाऊसाहेब, मी तर समदं सांगितलं हुतं तुमाला." खरंच सांगितलं होतं. चुलता आणि सोयरीक यांच्या मधे कुठंतरी ते आलं होतं आणि मी नेहमीच्या सवयीनं गाळलं होतं.

पण त्या क्षणी माझी नजर दुसरीकडेच गेली. शेगडीच्या धगीनं घाम येतो म्हणून मास्तरांनी कापसाचे बोळे काढून मेजावर ठेवले होते. कान मोकळे होते.

रखमाजी बाहेर जाऊन जमलेल्या लोकांना सांगायला लागला, "काय ध्यान लागतंय मानसाचं. मी बोंबलतोय आन् ह्यांची आपली समाधी." तेवढ्यात मास्तरांनी माझ्या नजरेचा माग काढला होता. त्यांनी गठ्ठ्यातली एक तक्रारीची चिठ्ठी ओढली आणि लिहून माझ्यापुढे सरकवली. "शाळेतच कान जायला लागले होते, आता तीन वर्षं काहीच ऐकू येत नाही. परवान्याचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पण मार्थाला सांगू नका. कळलं तर ती गायची थांबेल."

मग माझ्या ध्यानात आलं. तो कापूस, तो फळा, त्या चिठ्ठ्या, दातांत धरलेला दस्ता, बोलणाऱ्याच्या ओठांवर खिळलेली नजर. शाळा का सोडली तेही. रोज सुरांत राहिलेल्या माणसाला किती एकटं वाटलं असेल. मी "नाही सांगणार" असं तोंडानं म्हणालो, मग आठवण होऊन मान हलवली. परवान्याबद्दल मी एकच अट घातली आणि तीही चिठ्ठीवर लिहून दिली, की यापुढे मास्तर दाराकडे तोंड करून बसतील. आणि मी चिठ्ठीत चुलत्यापासून सगळं लिहीन.

दोन दिवसांनी मार्थाबाई ओट्यावर आली. "भाऊ, परवा काय झालं म्हणे?"

"काही नाही. मास्तरांचं ध्यान लागलं होतं."

ती हसली. "मी दवाखान्यात काम करते, भाऊ. मला सांगताय?" ती ओट्याच्या कडेला टेकली. "त्यांचे कान गेले त्या पहिल्या वर्षी माझा घसा बसला होता. आवाजच फुटेना. म्हटलं, ते पेटी काढून बसलेत, नाही कसं म्हणायचं? नुसते ओठ हलवले. तर म्हणाले, आज धैवत अगदी बरोबर लागला."

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलू? मला कळू नये म्हणून रोज माझ्यात चूक काढतात. एवढी मेहनत करतोय माणूस. तुम्हीही सांगू नका त्यांना." दोघांचीही गुपितं पोटात घेऊन मी बसलो. इतकं अवघड टेबल कचेरीतही कधी मिळालं नव्हतं.

त्या संध्याकाळी पेटी सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम मधल्या बुटक्या भिंतीवरून डोकावलो. मास्तरांची हनुवटी नेहमीसारखी फळीवर होती. इतके दिवस मी फक्त तेवढंच पाहिलं होतं. समोरून मार्थाबाईनंही आपली हनुवटी त्याच फळीवर टेकली होती आणि ती लाकडातून त्यांच्यापर्यंत गात होती.

गाणं संपलं. मास्तरांनी फळीवरची हनुवटी उचलली.

"आज धैवत लागला," ते म्हणाले.

"लागला ना?" ती म्हणाली.

मला धैवत कशाशी खातात ते माहीत नाही. पण लागला होता.