कासम मास्तर आणि पृथ्वीची ओढ

हे मी आजवर कुणालाही, अगदी घरातही, सांगितलेलं नाही. कासम मास्तरांचा स्प्रिंगचा काटा मी बिघडवला.

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात नव्या शाळा निघत होत्या. त्यातल्या एकीत मास्तर पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. मास्तरांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली. वजन ही वस्तूच्या पोटातली चीज नव्हे; पृथ्वी वस्तूला खाली ओढते, त्या ओढीचं नाव वजन. पायरीवरून घसरून पडले तरी धूळ झटकत म्हणायचे, "ओढ चोख हाय."

एकदा तालमीत जाऊन त्यांनी नावाजलेल्या पैलवानाला सांगितलं, की तुमचं वजन तुमचं नाही. पैलवान तापला. "मग मी दूध-बदाम काय पृथ्वीसाठी खाल्लं व्हय?"

"त्यानं तुमचा ऐवज वाढला, पावणं. ऐवज तुमचा, ओढ तिची. चंद्रावर गेलासा तर ऐवज ह्योच ऱ्हाईल, वजन सहाव्या हिश्शावर यील."

चंद्रावर कुस्त्या होत नाहीत म्हणून पैलवानानं विषय सोडला.

तराजूवर मास्तरांचा राग. तो नुसती दोन पारड्यांची बरोबरी बघतो, चंद्रावरही तेच सांगेल. ओढ दाखवतो तो स्प्रिंगचा काटा, असं त्यांचं म्हणणं. दहा शेरांपर्यंत तोलणारा तसा एक काटा त्यांनी मुंबईहून मागवला होता. तो रेशमी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायचे.

आमच्या घरी गुळाची अडत. एका रविवारी गुळाच्या ढेपेच्या वजनावरून थोरल्या भावाशी वाद लागला. तराजू रिकामा नव्हता, म्हणून मी शाळेतला काटा गुपचूप आणला. काटा तो काटा, असं वाटलं. त्याला मणभराची, म्हणजे चाळीस शेरांची, ढेप टांगली. स्प्रिंग ताणली गेली ती पुरती मागं आलीच नाही. मी काटा तसाच रुमालात गुंडाळून जागेवर ठेवला.

दुसऱ्याच दिवशी शाळाखात्याचे साहेब आले. हा विषय मास्तरांकडं ठेवायचा की नाही, ते ठरायचं होतं. मास्तरांनी शेराचं माप टांगलं. काट्यानं दीड शेर दाखवलं.

साहेब हसले. "मास्तर, तुमच्या वर्गात पृथ्वी जरा जास्तच मायाळू दिसते."

मास्तरांनी काट्याचा माप अडकवायचा आकडा चाचपला. बोटाला गूळ लागला. त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं, बोट पुसलं आणि म्हणाले, "चूक माझी, साहेब. झेपंना एवढं मीच टांगलं."

त्यांचा वर्ग काढून मला दिला गेला. त्यांना खालच्या वर्गाचे पाढे मिळाले.

मला त्यातलं काही येत नव्हतं. शाळा सुटली की मास्तर मला त्यांच्या खोलीवर नेत आणि उद्याचा धडा शिकवत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. एकदा मी धीर करून म्हणालो, "मास्तर, तो काटा..."

त्यांनी चहा पुढं सरकवला. "ऱ्हाऊ द्या. तुम्ही नवं हाय, तुम्हास्नी काढूनच टाकलं असतं. मला निदान पाढं तरी दिलं." मग म्हणाले, "आन् सांजचं हितं कोण येतंय? आता तुम्ही येतासा की."

मी चहा घेतला आणि काट्याचं पुन्हा कधी काढलं नाही. त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो.

पुढं मास्तर पेठ वडगावला पुतण्याकडं गेले आणि तिथंच वारले. मी आजही त्यांनी शिकवलेलं शिकवून घर चालवतो. शाळेच्या दप्तरात मात्र काटा बिघडवल्याची नोंद त्यांच्याच नावावर आहे. ती खोडून तिथं माझं नाव घालायला लावणं अजून माझ्याकडून राहिलं आहे.