मागची मानाची जागा

थोरलीचं लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. ठरलं म्हणजे काय, मोडता मोडता ठरलं; आणि मोडणार होतं ते तिच्या बापामुळेच!

बाप गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. "हत्ती आणून उभा करा, अलगद फळीवर ठेवतो!" ही फुशारकी त्याने मुलाच्या वडिलांसमोरही मारली. ते म्हणाले, "मग बघायलाच येतो गुरुवारी."

बायकोने बजावलं, "त्यांच्या शरीराबद्दल चकार शब्द नको हं! मागच्या स्थळाकडे कुणीतरी 'जरा भक्कम खुर्ची आणा' म्हणालं, तर चहा न घेता उठले!"

"मी काय खुळा आहे?" उस्ताद म्हणाला.

गुरुवारी होणारे व्याही दारातून आत शिरले, तेव्हा गोदामात क्षणभर अंधारलं. नेमका तेव्हाच छपाईचं यंत्र घेऊन ट्रक लागला. पेटारा एवढा, की त्यात भाडेकरू ठेवता आला असता. उस्तादाने ऐटीत गाडीचे लोखंडी सुळे पेटाऱ्याखाली घातले, खटका ओढला, आणि पेटारा राहिला जागच्या जागी, गाडीचीच मागची चाकं वर उठली! उस्ताद सीटवर पुढे वाकलेला, जणू पेटाऱ्याच्या पाया पडतोय.

त्याने घाईघाईने चाकं खाली टेकवली. अशा वेळी तिथे एकच उपाय चाले. नियमात बसत नव्हता, पण चाले. कँटीनचा आचारी गाडीच्या पाठीवर चढून बसायचा, की चाकं जमीन सोडत नसत.

"आचाऱ्याला बोलवा!"

"तो दाढ काढायला गेलाय," मुकादम म्हणाला. मग मुकादमाची नजर हळूच व्याह्यांकडे वळली. चारही हमालांची वळली. उस्तादाला बायकोची ताकीद आठवली. पण पेटारा तसाच राहिला तर हत्ती उचलणाऱ्याची काय शोभा!

"अहो, तिकडे दारात का उभे? इकडे गाडीवर या ना. मागची जागा मानाची. मालक आले की तिथेच बसतात!"

मालक काडीपैलवान होते. मुकादमाला खोकल्याची उबळ आली.

व्याही खूश होऊन चढले. गाडी हुंकारली, चाकं रुतल्यासारखी बसली, आणि पेटारा कापसासारखा वर! उस्तादाने गाडी मागे घेतली. सगळं निर्विघ्न पार पडलं असतं, पण एक हमाल आनंदाने ओरडला, "आचाऱ्यापेक्षा हे लई भारी! डबल माल!"

व्याही ताडकन उठून खाली उतरायला लागले. चाकं वीतभर वर उठली.

"उतरू नका!" उस्ताद किंचाळला.

"का उतरू नको? मला काय वजनाचा दगड म्हणून बसवलंत? मोडलं लग्न!"

"लग्न मोडा, पण बसून मोडा! तुम्ही उतरलात तर यंत्र आपटेल, माझी नोकरी जाईल!"

ते बसले. चाकं टेकली. पेटारा इंचाइंचाने खाली येऊ लागला.

"खरं सांगा," व्याही मागून म्हणाले. "मालक इथे बसतात?"

उस्ताद पेटाऱ्यावरची नजर न काढता म्हणाला, "नाही. ते बसले काय, माशी बसली काय! इथे तुमच्याशिवाय कुणाचं काम नव्हतं. थापा मारल्या, चुकलो."

पेटारा जमिनीला लागला. उस्तादाला मागे वळून बघायचा धीर होईना. मागून मात्र गाडी गदागदा हलू लागली. व्याही हसत होते!

"आयुष्यभर माझ्याखाली खाटा मोडल्या, खुर्च्या मोडल्या, एकदा तर नाव बुडाली," ते डोळे पुसत म्हणाले. "माझ्या बसण्याने काही वाचलं असेल तर ते आजच! मुलगी पसंत. आणि पुढचा पेटारा कधी येणार?"

त्यानंतर मोठा माल आला की ते आचाऱ्याच्या आधी हजर व्हायचे.

नऊ वर्षांनी ते आजारी पडले, पार वाळले. उस्ताद भेटायला गेला तर उशीवरूनच विचारलं, "माझी जागा कुणाला दिलीत?"

"दोघांना बसवतो," उस्ताद म्हणाला. "तरी चाकं वर उठतातच."

व्याही समाधानाने हसले. त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी ते वारले. आणि उस्तादाची ती शेवटची थाप होती. आचारी तेव्हाही एकटाच बसत होता, आणि चाकं काही वर उठत नव्हती.