चौदा नंबरचा खोका आणि माझा डबा

माझा जेवणाचा डबा तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीजवळ सापडला, आणि तरीही तो चोरीला गेला होता यावर विद्यापीठात कुणी विश्वास ठेवला नाही. डबा सापडल्याचं सगळ्यांना पटलं. चोरीचं तेवढं पटेना.

मी पुरातत्त्व विभागात खापरं धुते. एकोणीस वर्षं झाली. माझं शिक्षण चौथी, पण एम.ए.ची मुलं ब्रश धरायला शिकतात ती माझ्याकडून. ‘खापर आहे, करपलेलं पातेलं नाही, हळू घासा,’ एवढाच माझा अभ्यासक्रम. त्यात आजवर कुणी नापास झालं नाही, कारण नापास करायचा अधिकार मला नाही. असता तर निम्मी घरी गेली असती.

डबा गेला चार वर्षांपूर्वी. नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर विभागाचं खोदकाम चालू होतं. तीन पुड्यांचा स्टीलचा डबा, माझ्या लग्नातला, प्रत्येक पुड्यावर माझं नाव घातलेलं. खालचा कालवणाचा पुडा दुपारी नाहीसा झाला. मी घडीभरही विचार केला नाही. विचार करणं हे काम मी शिकलेल्यांवर सोडलंय. इंदूबाई लोंढे माझ्याच बरोबर खापरं धुते. तिची पिशवी मी चाळीस मुलांपुढं उलटी केली. पिशवीतून कंगवा पडला, तंबाखूची डबी पडली, अर्धी भाकरी पडली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. एकाच हौदाच्या दोन टोकांना बसून आम्ही खापरं धुतो. मध्ये चार वर्षं.

यंदा त्याच टेकाडात, अडीच मीटर खाली, कुठंही न फुटलेल्या सारवलेल्या जमिनीखाली माझा पुडा निघाला. शेजारी चूल. चुलीमागं एका बाईचा सांगाडा. सांगाडा चौदा नंबरच्या खोक्यात गेला, पुडा पंधरा नंबरच्या. पुड्याचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं आणि आत हुलगे होते. हुलगे तपासायला पाठवले. तीन हजार वर्षांचे निघाले.

चौकशी बसली. विभागप्रमुख निमकर मॅडम आणि कार्यालयाचे घैसास साहेब.

“सुभद्राबाई,” मॅडम म्हणाल्या, “डबा तुम्ही खड्ड्यात विसरलात का?”

“वरची जमीन फुटली होती का?”

“नाही.”

“मग मी काय घूस आहे?”

मॅडमनी ‘विसरल्या नाहीत’ असं लिहून घेतलं.

घैसास साहेबांनी चष्मा पुसला. “विसरला नसाल तर पुडा त्याच काळातला धरावा लागेल. पुडा तुमच्या लग्नातला. म्हणजे तुमचं लग्न तीन हजार वर्षांपूर्वी झालं. बाई, निवृत्तीचं वय साठ आहे.”

लग्नाला तेवढी वर्षं झाल्यासारखी मलाही वाटतात, हे मी कबूल केलं. पण विसरले म्हणावं तर निष्काळजीपणा, नाही म्हणावं तर निवृत्ती. दोन्हीकडून नोकरी जात होती. म्हणून तिसरी वाट मीच काढली.

“चोरी,” मी म्हटलं. “चौदा नंबरनं चोरला.”

साहेबांना ते पटलं नाही, पण फायलीला चालेल म्हणाले. सांगाड्याला नोकरी नाही, संघटना नाही. मॅडम मात्र अडून बसल्या. आरोप आहे तर तिची बाजू ऐकायला हवी.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरचा खोका टेबलावर ठेवला. तिच्या बाजूनं बोलायला वैदेही आली. मानवशास्त्राची दुसऱ्या वर्षाची मुलगी, माझ्याच हाताखाली खापरं धुवायला शिकलेली. इंदूबाईला साक्षीला बोलावलं होतं, ती दाराशी उभी होती.

“मावशी,” वैदेहीनं विचारलं, “चोरलेल्या भांड्याचं माणूस काय करतो?”

“लपवतो. नाव खरवडतो.”

“नाव तसंच आहे. मग त्यात हुलगे कशाला भरले असतील? तोंड कशाला लिंपलं असेल?”

वैदेही थांबली नाही.

“मागच्या दिवाळीत मी तुमचा चिवड्याचा डबा रिकामा परत केला, तेव्हा मला काय म्हणालात?”

“म्हटलं, एवढं शिकून काय केलंस गं? रिकामं भांडं परत देतात का?”

“हेच,” वैदेही मॅडमना म्हणाली. “माझ्या प्रबंधात यावर तीन पानं आहेत. हा परत करायला भरून ठेवलेला पुडा आहे. म्हणजे तो कुणीतरी तिला दिला होता.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खोकासुद्धा. आणि मला आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मुलं जेवायला गेली होती. खड्ड्यातून एका बाईनं डोकं वर काढलं. घरी सासू आजारी आहे, थोडं कालवण देता का, म्हणाली. खोदकामावर रोजंदारीच्या बाया सारख्या बदलतात, मी तोंडं लक्षात ठेवत नाही. पुडाच उचलून दिला. भांडं कधी देऊ, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, “सावकाश दे गं, कुठं पळून चाललंय.” मग खापरांत गुंतले. पुढं भूक लागली, डबा उघडला, आणि डोकं फिरलं.

मॅडमनी ‘सावकाश’ या शब्दाखाली रेघ ओढली.

“मुदत घातली नव्हती?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग उशीर झाला असं म्हणता येणार नाही.”

चौकशीच्या कागदात एकच रकाना उरला : जबाबदार व्यक्ती. साहेब हळूच म्हणाले, “तुमचं नाव घातलं तर खोटा आळ घेतल्याचं कलम लागेल, कामावरून कमी करावं लागेल. चौदा नंबर घालू. तिचं काय जातंय?”

मी मान हलवणारच होते.

“माझ्या पिशवीतून काय पडलं होतं गं?” दारातून इंदूबाई बोलली. चार वर्षांत पहिल्यांदा.

“कंगवा. डबी. अर्धी भाकरी.”

“अर्धी का होती?”

“मला काय माहीत?”

“अर्धी मी खाल्ली. तुझ्या डब्यात कालवण दिसलं नाही, म्हणून अर्धी तुला ठेवली होती. तिच्यावरून मला चोर म्हणालीस. आता हाडांना म्हण. ती तरी कुठं उलट बोलणार आहेत?”

चौदा नंबरच्या खोक्याचं झाकण तिरकं बसलं होतं, ते मी सरळ केलं. साहेबांच्या हातातून पेन घेतलं. ‘सुभद्रा’ लिहून थांबले.

“पूर्ण लिही,” इंदूबाई माझ्यामागं येऊन म्हणाली. “पुड्यावर आहे तसं.”

मी पूर्ण लिहिलं. सुभद्रा दगडू वाघचौरे.