थुंकी माझी नव्हती

मिरजगावातले आमचे शेजारी तात्या कुणीही भेटलं की आधी खिशातून बॅटरी काढतात. मग म्हणतात, "आ करा." एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या मामाचं तोंड असं तपासलं, की मामा जिलेबी तशीच टाकून उठले. एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरला हे वेड कुठून लागलं, ते कुणी विचारलं नाही. हसायचो मात्र सगळेच, आणि त्यात मी पुढे.

यंदा गावात थुंकीवरून तोंडाच्या कॅन्सरची शंका ओळखणारी तपासणी आली. सुई नाही, चिरफाड नाही. थुंकीतली प्रथिनं तेवढी बघायची. तात्यांचा आनंद गगनात मावेना. घरोघरी नळ्या वाटत सुटले. "गुरुजी, सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आदी. लाजायचं न्हाई, थुंकायचं!"

मी शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण देतो आणि मधल्या सुट्टीत सायकल स्टँडमागे तंबाखू मळतो. नळी हातात आली आणि माझी पाचावर धारण बसली. सकाळी ती मी बायकोपुढे धरली. "सुमन, तू थुंक." स्वतःची नळी तिने "मला काय धाड भरलीय" म्हणून परत केली होती. माझ्यासाठी मात्र मुकाट्याने थुंकली.

पंधरा दिवसांनी माझ्या नावाने निरोप आला. शंका आहे, नगरला पुढची तपासणी करून घ्या.

सुमन रोज दोनदा मिश्री लावते. मी तसाच तात्यांकडे गेलो. शरमेने मान वर होईना. "तात्या, थुंकी माझी नव्हती. सुमनची होती."

आता हे गावभर करणार, असं वाटलं. तात्यांनी आधी सुमनचंच विचारलं.

"सूनबाईला सांगितलं का?"

"कोणत्या तोंडाने सांगू?"

"निस्ती शंका हाय, अजून काय ठरलं न्हाई. उद्या नगरला जाऊ, मी येतो संगं. तुमी बी तपासून घ्या." मग दाराकडे बघत म्हणाले, "आमची ही त्याच रोगानं गेली. तिची मिश्री मीच भाजून द्यायचो, गुरुजी. तव्यावरच्या धुरानं तिला ठसका लागायचा, म्हनून."

मी घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, तुमची न्हवती ते."