सात शतकांची पटपडताळणी

आमच्या शाळेत अकरावीच्या ‘ब्रिटिश साहित्य : युगानुयुगे’ या वर्गात नाझनीन मुजावर ही एक मुलगी आणि इंग्लंडची सात शतकं शिकत होती. चौदाव्यापासून विसाव्यापर्यंत सगळी रीतसर दाखल झालेली. तेराव्याचाही अर्ज आला होता, पण निम्मी कागदपत्रं फ्रेंचमध्ये निघाली, म्हणून ऑफिसातल्या भोपळे भाऊसाहेबांनी तो परत पाठवला. एकविसावं वयात बसत नव्हतं.

वर्ग चालू ठेवायला पटावर आठ नावं लागतात. गावातून फक्त नाझनीनने हा विषय घेतला होता, त्यामुळे शतकांवरच वर्ग तगून होता. तिचे वडील इकबालभाई बेकरी चालवतात. त्यांनी तिला प्रवेशाच्या दिवशीच माझ्यासमोर सांगितलं होतं, “हितं हाय तवर शिक. जिल्ह्याच्या गावाला दीड तास एसटीनं एकटीला धाडणार न्हाई.” म्हणजे वर्ग बंद पडला की तिचं शिक्षणही तिथेच संपणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी उपळेकर, वर्गाचा शिक्षक. नोकरी बावीस वर्षं, स्वभाव संशयी. दूधवाल्याने एखाद दिवशी घट्ट दूध घातलं तर मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, असं माझी बायको चारचौघांत सांगते. त्यात खोटं काही नाही.

शतकं तशी शिस्तीची होती, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पंधरावं वर्षभर एक अक्षर बोललं नाही. सोळावं प्रश्न न विचारताही उठून उत्तर द्यायचं, तेही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. सतराव्याने स्नेहसंमेलनातलं नाटक पाप आहे म्हणून बंद पाडलं आणि अठरा दिवसांनी स्वतःच पडदा वर केला. अठरावं रोज विग विंचरून यायचं आणि बाकीच्यांना हसायचं. एकोणिसाव्याला दोन पानी निबंध सांगितला तर ते दर महिन्याला एक प्रकरण आणून द्यायचं, तेही ऐन उत्कंठेच्या जागी तोडून.

माझा संशय वेगळाच होता. ही शतकं एकमेकांचं पाहून लिहीत होती. सोळाव्याच्या वहीत इटलीचा माल सापडला. अठराव्याने थेट रोममधून उचललं होतं. सतराव्याची एक कल्पना विसाव्याच्या वहीत मिळाली, जरा उदास करून लिहिलेली. विचारलं तर म्हणालं, “सर, ते आमच्यातच होतं.” चोर सापडला की हेच म्हणतो. मी शेरेपुस्तकात लिहिलं : ‘विद्यार्थी एकमेकांचे पाहून लिहितात.’ वर्षभरात असे सोळा शेरे झाले. खाली सही, तारीख.

नाझनीनवरही माझा संशय होता. तिची उत्तरं गाईडमध्ये नसायची. आता गाईडमध्ये नाही ते लिहिते, म्हणजे कुठून तरी आणत असणार. तिला विचारलं तर म्हणायची, “पुस्तकातलंच हाय सर.” माझा विश्वास बसत नसे.

फेब्रुवारीत पटपडताळणीचं पथक आलं. पट फुगवण्यासाठी काही शाळा शेजारच्या शाळेतली पोरं आणून बसवतात. म्हणून पथक न कळवता येतं, एकेक मूल मोजतं आणि मोजलेल्याच्या बोटाला मतदानाची शाई लावतं. शाई लागलेलं मूल पुन्हा समोर आलं की ते बोगस. पथकाचे प्रमुख विस्तार अधिकारी शेंडगे होते. आल्या आल्या त्यांनी खिडकीचे गज हलवून पाहिले. माणूस माझ्याच स्वभावाचा आहे हे मी ओळखलं.

आम्ही जन्मतारखेप्रमाणे रांग लावली. चौदाव्याच्या डाव्या तर्जनीला शेंडग्यांनी शाईचा ठिपका लावला. मग पंधरावं पुढे आलं. त्याच्या बोटावर एक ठिपका आधीच होता.

शेंडग्यांनी दुसरा लावला. सोळावं आलं, त्याच्या बोटावर दोन होते. सतराव्याच्या बोटावर तीन. विसाव्यापर्यंत सहा ठिपके झाले आणि सातवा लावायला जागा शोधावी लागली.

“उपळेकर,” शेंडगे म्हणाले, “हे एकच मूल आहे. सात वेळा कपडे बदलून आणलंय.”

“साहेब, एकाचं पुढच्याकडे जातं. मागचं सगळं घेऊनच पुढचं येतं. याला परंपरा म्हणतात.”

“परंपरेला तक्त्यात रकाना नाही. कॉपीला आहे.” त्यांनी टेबलावरचं शेरेपुस्तक उघडलं. “एकमेकांचे पाहून लिहितात. सोळा वेळा. सही कोणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

“मग आता परंपरा कुठून आली?”

तेवढ्यात रांगेत शेवटची असलेली नाझनीन पुढे आली आणि तिने हात पुढे केला. तिच्या तर्जनीवर सात ठिपके होते.

“ही शाई कधी लावलीस?”

“लावली न्हाई साहेब. जसजसं वाचत गेले तसतशी आली. मला वाटलं पेनाची आसंल. आई रोज लिंबानं घासती, पर जात न्हाई.”

शेंडग्यांनी तिच्या बोटाजवळ विसाव्याचं बोट धरून पाहिलं. मग तक्त्यात लिहिलं : विद्यार्थी – एक. आठाला सात कमी. वर्ग बंद करण्यात यावा.

नाझनीनने हात मागे घेतला आणि ओढणीत लपवला. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

तेव्हा मला युक्ती सुचली. वाचणाऱ्याच्या बोटावर ठिपके येतात हे सिद्ध झालं, तर आठही विद्यार्थी वेगळे ठरत होते. आणि बावीस वर्षांचं सेवापुस्तक असलेला, टक्कल पडलेला माणूस अकरावीतलं मूल आहे, असं कोणीच म्हणू शकणार नव्हतं. मी सातही शतकं बावीस वर्षं शिकवली होती. मी मोठ्या खात्रीने डावा हात टेबलावर ठेवला.

“माझं बोट पाहा साहेब.”

शेंडग्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. बोट स्वच्छ होतं. मी ते उलटं केलं, उजेडात धरलं. नखाच्या कडेलासुद्धा काही नव्हतं. बावीस वर्षं मी गाईडवरूनच शिकवलं होतं; झोळीत त्याच्या बावीस आवृत्त्या होत्या. त्यांतली एकही बोटाला लागली नव्हती.

‘शिक्षकाचे बोट स्वच्छ. समाधानकारक,’ असं शेंडग्यांनी लिहिलं आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

सोमवारपासून वर्ग बंद झाला. त्या ‘एका’ विद्यार्थ्याचं समायोजन जिल्ह्याच्या शाळेत होईल, असा आदेश आला. नाझनीन वर्गाचं पुस्तक परत द्यायला आली. “सर, तुमीच ठेवा. मला आता काय करायचंय?” एवढं म्हणून ती बेकरीवर गेली. खारी बांधायला बसली असं नंतर कळलं.

मला काम उरलं नव्हतं. रिकाम्या वर्गात बसून मी ते पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचू लागलो. चौदावं वाचायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी सकाळी दाढी करताना तर्जनीवर फिकट ठिपका दिसला. मी तो आधी साबणाने घासला, कारण माझा माझ्यावरही विश्वास नाही. ठिपका गेला नाही. पंधराव्याचा अर्ध्या तासात आला. सतराव्याने मला दोनदा रडवलं, हे कबूल करतो. एकोणिसावं संपता संपेना, आणि ते संपू नये असंही वाटत होतं. जूनमध्ये सात ठिपके पुरे झाले. त्याच दिवशी मी शेंडग्यांचं कार्यालय गाठलं.

“आता बोला साहेब. मीही तेच मूल का?”

शेंडग्यांनी भिंग काढलं. ठिपके दोनदा मोजले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “शिक्षकाच्या जागेवरही तुम्ही तेच मूल बसवलं होतं.”

त्यांच्या तर्कात चूक काढता येईना. मी असतो तर हेच लिहिलं असतं. माझी नेमणूक रद्द झाली आणि माझं नाव त्या एका विद्यार्थ्याच्या दाखल्यात समाविष्ट झालं. दाखल्यावर ‘मुजावर व इतर’ असं नाव आणि एक जानेवारी तेराशे एक ही जन्मतारीख आहे.

दाखला घेऊन मी बेकरीवर गेलो. इकबालभाईंनी हात पुसून तो वाचला.

“सातजण आहेत तिच्यासोबत,” मी म्हणालो.

“दाखल्यावर एकच हाय, सर.”

“त्या एकात मीही आहे.”

त्यांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवला. “कागदाचं ऱ्हाऊ द्या. तुमी समोर दिसताय न्हवं? मग घेऊन जावा.” नाझनीन खारीची पुडी तशीच टाकून आत गेली आणि दप्तर घेऊन आली.

आता आम्ही साडेसातची एसटी पकडतो. अठराव्याला खिडकी लागते. नव्या शाळेत हजेरीला एकच नाव पुकारतात, आम्ही नऊजण उभे राहून ‘हजर’ म्हणतो, आणि बाई रोज सांगतात की एकदा म्हटलं तरी चालेल.

नाझनीन आणि मी एका बाकावर बसतो. परवा पहिली चाचणी होती. पेपर हातात पडताच तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि डावा हात आडवा धरून वही झाकली. मी मान खाली घालून लिहू लागलो. थोड्या वेळाने तिने हात बाजूला घेतला आणि वही जराशी माझ्याकडे सरकवली.