पॅकेजवाली की बिनपॅकेजची

जेवणाच्या टेबलावर कमलनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हाच शिवदास सावध झाला. कमलचे दोन कागद असे शेजारी आले की आठवड्याभरात घरात काहीतरी नवीन येतं, हा त्याचा जुना अनुभव होता.

"दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, दोन्ही लाल," कमल म्हणाली. "दोन दारं, दोन सीट. दहिसरची साधी आहे, साकीनाक्याची परफॉर्मन्स पॅकेजवाली, म्हणजे कंपनीनंच वेगासाठी जास्तीचं सामान बसवलेली. प्रश्न एवढाच, की पॅकेजनं फरक पडतो का."

शिवदासपुढचा प्रश्न वेगळा होता. आपण जिवंत राहणार का, हा. पण तो विचारायची सोय नव्हती.

कमलनं मापन प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं नोकरी केली होती. दुसऱ्यांची मापं बरोबर आहेत का, हे मोजण्याचं तिचं काम. जूनमध्ये निवृत्त झाली आणि घरी आल्या आल्या म्हणाली, "आता एक वेगवान गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण वेगवान." शिवदास तेव्हा "वा, झकास!" म्हणाला होता. म्हणावंच लागलं. लग्नानंतर तो पहिल्यांदा तिच्या मागे स्कूटरवर बसला, तेव्हा तिनं विचारलं होतं, "भीती वाटते का?" आणि तो म्हणाला होता, "छे!" त्या एका 'छे'ला तो एकतीस वर्षं जागत होता.

"कसला फरक पडतोय गं?" तो आता म्हणाला. आवाज शक्य तितका बेफिकीर ठेवला. "आपल्याला जायचंय कुठे? मुलुंडहून निघालं की भांडुपपर्यंत सायकलवाले आपल्या पुढे असतात. पॅकेज काय त्यांच्या डोक्यावरून उडी मारणार आहे? साधी घे."

"हा झाला अंदाज. मी मोजून ठरवणार."

मोजणं रविवारपासूनच सुरू होतं. तिनं दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या होत्या. शिवदास दोन्ही वेळा "मी पिशवी सांभाळतो" म्हणून विक्रेत्याच्या फाटकापाशी उभा राहिला होता. पिशवीत पाण्याची बाटली होती. आता एकच गोष्ट राहिली होती. पॅकेजवाली गाडी दीड इंच बुटकी होती, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगच्या पाळण्यावर ती पोट न घासता चढते का, हे बघायचं.

पाळणा म्हणजे इमारतीच्या मागे उघड्यावर उभं केलेलं लोखंडी कपाट. अशी कपाटं तिथे ओळीनं होती. प्रत्येकात एकावर एक चार फळ्या. दोन जमिनीखालच्या खड्ड्यात, तिसरी जमिनीला समतल आणि चौथी तिच्या वर. खड्ड्यातली गाडी हवी असली की बटण दाबायचं. मग सगळ्याच फळ्या वर सरकतात. शिवदासला आशा होती ती याच पाळण्याची. गाडीनं पोट घासलं की काम झालं.

शनिवारी सकाळी अकराला साकीनाक्याचा गाडीविक्रेता विशाल गाडी घेऊन आला. गाडी नुसती उभी होती तरी पळत असल्यासारखी दिसत होती. शिवदासनं नजर दुसरीकडे वळवली.

"काका, एकदम मख्खन पीस आहे," विशाल म्हणाला. "हे लाल बटण बघितलं? हे दाबलं ना, की सायलेन्सरचं तोंड उघडतं. मग ॲक्सिलरेटर दाबला तर अख्खी बिल्डिंग हलणार. सध्या हात नका लावू."

"मी कशाला लावतोय!" शिवदास म्हणाला.

कमल आपला आणि शिवदासचा असे दोन मोबाइल टॉर्च लावून गाडीखाली डोकावली. "अहो, गाडी तुम्हीच चढवा," ती तिथूनच म्हणाली. "तुमच्याइतकी हळू कोणी चालवत नाही."

शिवदास आत बसला. बसला म्हणजे आत पडलाच. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली होती. त्यानं इंचाइंचानं गाडी फळीवर नेली. कान घासण्याच्या आवाजाकडे लागले होते. आवाज आलाच नाही.

"दोन बोटं जागा उरते!" कमल आनंदानं म्हणाली. "छान! बंद करून या वर. विशाल, चल, कागदपत्रं बघून घेऊ." आणि दोन्ही मोबाइल हातात घेऊन ती लिफ्टकडे गेलीसुद्धा.

शिवदासनं गाडी बंद केली. क्षणभर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मग दार उघडायला गेला तर ते चार बोटं उघडलं आणि लोखंडी खांबाला टेकलं. दोनच दारांची गाडी, म्हणून दार हे एवढं लांब. दुसऱ्या बाजूलाही तेच. आता गाडी मागे घ्यावी, असा विचार तो करत होता, तेवढ्यात फळी थरथरली.

पाळणा चालवणारा लवू तासभर फाटकावर कुरियरवाल्यांशी हुज्जत घालत होता, तो आत्ता परत आला होता. त्याला काळ्या काचांची, दिवे बंद असलेली गाडी दिसली. नवव्या मजल्यावरच्या नीलमला खड्ड्यातली गाडी हवी होती. लवूनं बटण दाबलं.

जमीन खाली गेली. शिवदास दाराच्या फटीतून ओरडला, पण पाळण्याच्या खडखडाटात ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. मग त्यानं हॉर्न दाबला. दोनदा, तीनदा, सलग.

"जरा थांब मरे!" खालून लवूचा आवाज आला. हॉर्न तिकडूनच वाजतोय असं समजून तो फाटकाकडे बघून ओरडत होता. "येता हा गाडी! हॉर्न मारून काय लवकर येतली?"

मुंबईत हॉर्न ऐकून कोणी वर बघत नाही, हे शिवदासला जमिनीपासून सात फुटांवर कळलं.

नीलम गाडी काढून गेली. आता खाली घेतील, असं त्याला वाटलं. पण कोणाला तरी अगदी तळातली गाडी हवी होती. फळी पुन्हा थरथरली. आता त्याच्यासमोर पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी होती आणि ती बंद होती. वारा आला. फळी हलली, किंवा शिवदास हलला. त्यानं पुन्हा हॉर्न दाबला. खाली फाटकावर कुणीतरी त्याला हॉर्ननंच उत्तर दिलं.

मोबाइल नाही. दार नाही. उरलं होतं लाल बटण.

नुसतं ते दाबून भागणार नव्हतं, त्यावर ॲक्सिलरेटरही दाबायला हवा होता. चौदा फूट उंच फळीवर, मागे आणि पुढे मोकळी हवा असताना, आयुष्यात ताशी पन्नासच्या वर न गेलेल्या माणसानं. त्यानं गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आहे का ते पाहिलं. आहे. पुन्हा पाहिलं. हँडब्रेक पाहिला. पुन्हा गिअर पाहिला. डाव्या पायानं ब्रेकवर सगळं वजन टाकलं, डोळे मिटले, गाडी सुरू केली, लाल बटण दाबलं आणि उजवा पाय खाली नेला.

तो आवाज शिवदासच्या छातीतून आरपार गेला. कबुतरं उडाली. समोरची स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तिच्यातून एक बाई शिवदासकडे बघू लागली आणि शिवदास त्या बाईकडे.

"आयशप्पथ, आत माणूस आसा!" खाली लवू किंचाळला.

सातव्या मजल्यावर कमलच्या घरी विशालनं तो आवाज ऐकला होता आणि "आँटी, ऐका! हाच तो आवाज!" असं अभिमानानं म्हणून झाल्यावर, चावी खाली काकांकडे राहिलीय हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो आणि कमल जिन्यानं धावत आले.

"अहो! गाडी पी-मध्ये आहे ना?"

"सात वेळा बघितलं!" चार बोटांच्या फटीतून शिवदास ओरडला.

फळी खाली आली. दार उघडत नव्हतं, तेव्हा विशालला आत जाता येत नव्हतं आणि गाडी मागे घेणंही शिवदासच्याच नशिबी आलं. तो बाहेर आला तेव्हा वीसेक माणसं जमली होती.

"माका काय ठाऊक, साहेबानू?" लवू हात जोडून म्हणाला. "काच काळी, माणूस दिसाक नाय."

"काका, घाबरलात का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"छे!" शिवदास म्हणाला. गाडीचं दार मात्र त्यानं अजून सोडलं नव्हतं.

घरी कमलनं त्याच्यासमोर लिंबू सरबत ठेवलं. ग्लास त्यानं अर्धा रिकामा केला. तो खाली ठेवून शिवदास म्हणाला, "कमल, मला भीती वाटते. आजचं नाही म्हणत. गाडीत नेहमीच वाटते. स्कूटरवरसुद्धा वाटली होती."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आपल्या प्रत्येक गाडीत तुमच्या सीटपुढची मॅट एकाच जागी झिजते. उजव्या पायाखाली. मी चालवते आणि तुम्ही तिकडे ब्रेक दाबत असता. आपल्या आत्ताच्या गाडीत दोनदा बदलली मी मॅट."

शिवदास आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही 'छे' म्हणाला असता." तिनं दोन कागद पुढे ओढले. "आता हे बघा. पॅकेज म्हणजे नुसता आवाज आणि वेग नाही. ब्रेक मोठे आहेत, टायर रुंद आहेत. रविवारी मी दोन्ही गाड्या साठवर नेऊन थांबवल्या आणि रस्त्यावर खडूनं खुणा केल्या. पॅकेजवाली दीड मीटर आधी थांबते. दर वेळी. म्हणून माझं मन त्या पॅकेजवर होतं. दार उघडावं म्हणून लवू आपल्याला ओळीतला टोकाचा पाळणा देईल, तिथे एका बाजूला खांब नाही. पण तुम्ही आता खरं बोललात, तर ठरवा तुम्हीच. पॅकेजवाली, बिनपॅकेजची, की कुठलीच नको?"

शिवदासनं कागद जवळ घेतला. दीड मीटर. त्यानं मनातल्या मनात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली. एवढं अंतर. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला गाडीच्या बाबतीत काहीतरी विचारावंसं वाटलं.

"कमल," तो म्हणाला, "याहून मोठ्या ब्रेकचं पॅकेज नाही का मिळत?"