सिद्धलिंगप्पांची वानगी

सकाळी दुकान उघडलं तेव्हा गल्ल्याखालच्या खणात अकरा पुड्या होत्या. पाच कन्नड पेपरात बांधलेल्या, सहा मराठी पेपरात. अकराही मुठीएवढ्या, अकरांनाही पांढरा दोरा, आणि मल्लेश्वरीच्या काट्यावर प्रत्येकीचं वजन शंभर ग्रॅम. चार दाणे इकडे, चार दाणे तिकडे.

“डोळे झाकून सांग, यातली खरी तुरीची कंची?” सिद्धलिंगप्पांनी लेकीला विचारलं.

मल्लेश्वरीनं डोळे मिटून दोन-चार पुड्या हातात तोलल्या. “न्हाई सांगता येत, अप्पा.”

“हां! बीएस्सी झालेल्या पोरीला कळंना, तर बाजाराला काय कळणार? आपला बंदोबस्त म्हंजे बंदोबस्त हाय!” सिद्धलिंगप्पांनी खुशीत मांडीवर थाप मारली. मग एवढ्या जोरात मारायला नको होती असं वाटून ते अंग चोरून, जरा डावीकडे कलून बसले.

सिद्धलिंगप्पांची आळंदच्या तूर बाजारातली गादी जुनी. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा आणि खाली सदऱ्याहून पांढरं धोतर. दिवाळीनंतर सोलापुरात त्यांचं भगंदराचं ऑपरेशन झालं. जखम भरली, पण एक लहानशी अडचण मागे राहिली. खोकला आला, पोत्यावर वाकले, घाईत चालले, की थोडं, अगदी थोडं, नको तिथून नको ते झिरपायचं. डॉक्टर म्हणाले, स्नायू ढिला पडलाय, व्यायाम करा, काही महिन्यांत सुधारेल. ठीक आहे. पण तोवर काय? तोवर ते पांढरं धोतर!

उपाय मल्लेश्वरीनं शोधला. तळहाताएवढी, फुलपाखराच्या आकाराची मऊ कापशी पट्टी. मागच्या घडीत बसवायची, चिकटपट्टीनं ती जागेवर राहते, झिरपलेलं शोषून घेते आणि वासही आत धरून ठेवते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. घरात तिचं नाव ‘फुलपाखरू’ पडलं.

“चष्मा लावायला लाजता का, अप्पा? मग ह्याला कामून लाजायलाव?”

“चष्म्यावरनं बाजार नाव ठेवत न्हाई, बाळा!”

खरी भीती तीच होती. आळंदच्या बाजारात माणसाला त्याच्या सगळ्यात वाईट दिवसावरून नाव पडतं आणि ते जन्मभर पुसत नाही. समोरच्या दुकानातला धनराज तरुणपणी एका दुपारी पोत्यांच्या थप्पीवर झोपला आणि झोपेतच खाली पडला. एकदाच पडला बिचारा! त्याला आता नातवंडं झाली, तरी लग्नपत्रिका वाटणारा पोरगासुद्धा “थप्पी धनराज कुठं बसतात?” असंच विचारतो. त्यामुळे बाजारात दुसऱ्या कुणाला तरी नवीन नाव पडावं, म्हणून धनराज वर्षानुवर्षं टपून बसलेला. आपल्याला कुठलं नाव पडेल, ह्याचा सिद्धलिंगप्पांनी एकदाच विचार केला होता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

म्हणून हा बंदोबस्त. अडत दुकानात छोटी कागदी पुडी म्हणजे वानगी, मालाचा नमुना. खणात असो, खिशात असो, कुणी ढुंकून बघत नाही. सिद्धलिंगप्पांनी फुलपाखरंही तशीच पुड्यांत बांधली. ओळखू यावं म्हणून खरी वानगी कन्नड पेपरात, फुलपाखरू मराठी पेपरात. पण फुलपाखराची पुडी हाताला हलकी लागायची. मग त्यांनी कळस केला! प्रत्येक फुलपाखराभोवती मूठभर तूर भरली.

“एवढं कशाला, अप्पा?” मल्लेश्वरी म्हणाली होती. “उद्या कुणी उघडलं तर आणिक घोटाळा होईल.”

“माझ्या खणाला हात कोण लावतंय?”

त्या दिवशी श्रीशैल आला होता.

श्रीशैल म्हणजे धाकटा भाऊ. निंबर्ग्याची शेती बघणारा, भोळा, कष्टाळू आणि ह्या प्रकरणाबद्दल पूर्ण अजाण. तो गावाकडची तूर टेम्पोत घालून घेऊन आला. सिद्धलिंगप्पा माल बघायला रस्त्यावर गेले, एका पोत्यावर वाकले आणि तुरीची धूळ नाकात गेली. खोकला आला. साधासुधा नाही, टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरून बघेल असा! तो थांबला तेव्हा सिद्धलिंगप्पांना कळून चुकलं, की अंगावरच्या फुलपाखराची नोकरी आता संपली. नवीन घ्यायला ते बेताबेतानं दुकानात आले आणि खण ओढला.

पुड्या दहा. कन्नड पाच, मराठी पाच.

“श्रीशैल! हितली एक पुडी कुठं गेली?”

“दिली की, अण्णा. उदगीरच्या डाळमिलचे गुंडेराव आलते. वानगी द्या म्हणाले. दिली.”

“कंच्या पेपरातली?”

“मराठी.”

“मराठी कामून? मराठीच कामून?”

“अण्णा, असं काय करायलाव? पाहुणा मराठी हाय! कन्नड पेपर घिऊन त्यो काय करंल? गाडीत वाचायला तरी व्हतंय त्याला.” श्रीशैलनं वर समजावलं, “आपल्या वडलांनीच शिकिवलंय न्हवं? माणूस बघून पेपर.”

सिद्धलिंगप्पा मटकन खाली बसले आणि बसल्या बसल्या चटका लागल्यासारखे उठले. खरंच होतं. वडिलांच्या वेळेपासून दुकानाची तीच रीत होती. कलबुर्गीच्या व्यापाऱ्याला कन्नड पेपरात वानगी, उमरगा-उदगीरच्याला मराठी. बंदोबस्तात त्यांनी वजन धरलं, दोरा धरला, आकार धरला. आपल्याच घरची माणुसकी तेवढी धरायची राहिली!

“आता कुठं हायत गुंडेराव?”

“धनराजच्या गादीवर. समद्या दुकानांच्या वानग्या तिथंच उघडणार हायत.”

म्हणजे बाजारातल्या शंभर दुकानांतून नेमकं धनराजचं!

धनराजचं दुकान रस्त्याच्या पलीकडे. एरवी माणूस सहज ओलांडतो. पण सिद्धलिंगप्पांना पळता येत नव्हतं, कारण पळालं तर धोतर जाणार. आणि सावकाश चाललं तर पुडी उघडणार! शेवटी गुडघे जुळवून, श्वास वर ओढून ते अशा चालीनं निघाले, की वाटेत एक हमाल पोतं टेकवून बघत राहिला. “सावकार, काटा मोडलाय का पायात?” मागून मल्लेश्वरी आली, काखेत ओल मोजायचं मशीन. दुकानाचं मॉइश्चर तीच बघायची.

धनराजच्या गादीवर आठ-दहा व्यापारी गोल करून बसले होते. मध्ये पितळी परात आणि परातीशेजारी पुड्यांची रांग. गुंडेराव एकेक पुडी उघडत, दाणा दाताखाली धरत आणि कट्ट असा आवाज आला की मान डोलावत. रांगेत मराठी पेपराची पुडी चौथी. गुंडेरावांच्या हातात तिसरी.

“या, या, सिद्धलिंगप्पा! बसा!” धनराज म्हणाला.

“नको. बराय उभा.”

“बसा की! नवी चादर घातलीय गादीवर. बघा तरी, दुधासारखी!”

सिद्धलिंगप्पांनी त्या चादरीकडे बघितलं आणि ते अर्धं पाऊल मागे सरकले. “गुंडेराव, ती आमची पुडी चुकून आली. ती द्या इकडं. दुसरी देतो.”

गुंडेरावांचा हात थांबला. “चुकून कशी? तुमचे बंधू म्हणाले, गावाकडचा एक नंबर माल हाय.”

“माल एक नंबरच हाय. पुडी चुकलीय.”

“आं?” धनराजचे कान ताठ झाले. “वानगी परत मागायलाय ह्यो! जन्मात कुणी वानगी परत मागितली का रं? गुंडेराव, आधी हीच उघडा!”

सिद्धलिंगप्पांनी हात पुढे केला, धनराजनं तो मध्येच धरला, गुंडेरावांनी दोरा ओढला. परातीत तूर सांडली. आणि तुरीच्या मधोमध पांढरंशुभ्र, कोरं करकरीत फुलपाखरू येऊन पडलं.

सगळे परातीवर वाकले.

“ह्ये काय म्हणायचं?” गुंडेरावांनी विचारलं.

“कानाला बांधायचं असंल थंडीत,” एक जण म्हणाला.

“खुळे का काय तुमी!” धनराजनं ते उचललं. “धुळीचा मास्क हाय ह्यो. नवीन निघालाय. असा लावायचा.” आणि त्यानं मागचा कागद सोलून फुलपाखरू थेट नाकावर दाबलं. चिकटपट्टी झुबकेदार मिशीवर बसली. “काय मऊ हाय हो! वास सुदिक बंद झाला.”

सिद्धलिंगप्पांनी छताकडे बघितलं. बसवण्णा, आत्ताच्या आत्ता वीज पाड!

“तू शिकलेली हायस, बाळ,” गुंडेराव मल्लेश्वरीकडे वळले. “तू सांग, काय हाय ह्ये?”

मल्लेश्वरीची अडचण अशी, की तिला खोटं बोलता येत नसे आणि खरं अर्धवट सांगायची सवय नव्हती. बापाकडे बघून तिनं आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट सांगितलं. “ओल शोषून घ्यायचं साधन आहे.”

तेवढ्यानं घात झाला. गुंडेरावांचा चेहरा उतरला. परातीतल्या तुरीत त्यांनी बोट फिरवलं. “असं! म्हंजे ओला माल, त्यात ह्ये दडवायचं, वानगी कोरडी करायची आणि आमाला दाखवायची. सिद्धलिंगप्पा, तुमच्या वडलांपासनं आमी डोळे झाकून माल उचलतोय!”

“म्हणून परत मागत व्हता!” नाकावर फुलपाखरू असल्यामुळे धनराजचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. “तुरीला औषधपाणी करायलाय!”

गादीवर कुजबुज सुरू झाली. एकानं स्वतःच्या सौद्याची आठवण काढली, दुसरा चप्पल शोधायला लागला. सिद्धलिंगप्पांना दिसत होतं. गप्प राहिलं, तर धोतर वाचतंय आणि वडिलांची गादी बुडतेय. बोललं, तर गादी वाचतेय आणि त्यांना ते नाव पडतंय. लेकीच्या लग्नपत्रिकेवर नसलं तरी लोकांच्या तोंडात, जन्मभर.

त्यांनी धोतराचा सोगा नीट केला.

“गुंडेराव, मशीन हितंच हाय. माझ्या दुकानातलं कंचंबी पोतं फोडा आणि मोजा. ओल मालात न्हाई.” त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. “ओल मालकात हाय!”

“म्हंजे?”

“म्हंजे भगंदराचं ऑपरेशन झालंय माझं. तवापासनं जरा गळतंय. मागनं. त्याच्यासाठी हाय ती पट्टी, तुरीसाठी न्हाई. तूर वजनाला घातली. तुमाला कळू नये म्हणून!”

मग सगळ्यांची नजर सावकाश सिद्धलिंगप्पांवरून निघाली आणि धनराजच्या नाकावर जाऊन बसली.

धनराजचे डोळे मोठे झाले. “मागनं?”

“न वापरलेली आहे, काका. स्वच्छ आहे,” मल्लेश्वरीनं घाईघाईनं सांगितलं. “एकदम ओढू नका, कोमट पाणी लावून...”

धनराजनं एकदम ओढली! त्याची आरोळी भुसार लाइनच्या टोकापर्यंत गेली. फुलपाखरू हातात आलं, आणि त्याच्यासोबत डावी मिशी अर्धी. मग गादीवर जे हसू फुटलं, त्यात चप्पल शोधणाराही परत येऊन बसला.

मल्लेश्वरीनं निंबर्ग्याच्या पोत्यातली तूर मशीनमध्ये घातली. ओल निघाली दहा पूर्णांक आठ टक्के, म्हणजे बाजाराच्या बारा टक्क्यांच्या मर्यादेच्या आत. गुंडेरावांनी सगळा माल उचलला आणि हात जोडले. “चुकलो, सावकार.”

सिद्धलिंगप्पा दुकानात आले, एक मराठी पुडी घेऊन आत जाऊन आले आणि त्या दिवसात पहिल्यांदा निर्धास्त बसले. पण नाव पडायचं बाकी होतं. दुपारी रस्त्यावरून हमालाची हाक आली आणि त्यांचे कान टवकारले. “ए, चहा नाकपट्टी धनराजकडं दे!”

सिद्धलिंगप्पांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा गुंडेराव दारात उभे होते. ते आत आले, थप्पीच्या आडोशाला गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “सावकार, बसल्यावर बाहेरनं कळतं का हो?”

“मी सकाळधरनं बाजारात फिरायलोय. तुमाला कळलं?”

“न्हाई. माझ्या एका पाहुण्याला पाहिजे व्हती. मूळव्याधीचा त्रास हाय त्याला.”

“पाहुण्याला डॉक्टरकडेही पाठवा, काका,” मल्लेश्वरी पुडी देत म्हणाली. “व्यायामानं फरक पडतो.”

“पाठवतो. उद्याच जातो.”

थोड्या वेळानं कलबुर्गीचा एक जाडजूड व्यापारी आला. तुरीचा भाव विचारला, हवापाण्याचं बोलला आणि जाताना मान खाजवत म्हणाला, “एक वानगी द्या. मराठी पेपरातली.”

“अण्णा,” श्रीशैल भावाच्या कानात कुजबुजला, “ह्याला मराठी वाचायला येत न्हाई की!”

“दे तू.”

त्याच्यामागून आणखी एक जण आला. त्याच्याही पाहुण्यालाच पाहिजे होती. दिवेलागणीला शटर अर्धं खाली आलं, तेव्हा वाकून धनराज आत शिरला. ओठावर रुमाल. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सिद्धलिंगप्पांसमोर नुसताच हात पसरला.

तो गेल्यावर मल्लेश्वरीनं खण बाहेर ओढला आणि पुड्या मोजल्या.

कन्नड पाच, मराठी शून्य.